नवे नाव, जुना पत्ता : संकेतस्थळांचे नामांतर आणि संशोधनातील संदर्भ

मराठीच्या पदव्युत्तर प्रबंधिकांतून, पीएच.डी.च्या प्रबंधांतून आणि शोधनिबंधांतून संकेतस्थळांचे पत्ते संदर्भ म्हणून देण्याची पद्धती आता पुरती रुळली आहे. ग्रंथनाम, प्रकाशक, आवृत्ती, पृष्ठांक या क्रमाने चालणाऱ्या सूचीच्या अखेरीस संकेतस्थळांची एक स्वतंत्र यादी असते आणि मौखिक परीक्षेच्या वेळी तिच्याकडे सहसा कोणी फिरकत नाही. ही यादी किती काळ जिवंत राहते, हा प्रश्न तर क्वचितच विचारला जातो. संस्था आपले नाव बदलते, नव्या नावाचे नवे डोमेन घेते आणि जुने डोमेन यथावकाश सोडून देते. त्या क्षणी जुन्या पत्त्यावर विसंबून असलेल्या सर्व तळटीपा एकाच वेळी निराधार होतात. या घटनेकडे संगणक विभागाची बाब म्हणून पाहण्याची आपली सवय आहे. वस्तुतः पाठचिकित्सा, सूचीशास्त्र आणि संदर्भनिष्ठा यांच्याशी तिचा थेट संबंध असून भाषा-साहित्याच्या विभागांनी तिच्याविषयी निश्चित भूमिका घेणे आवश्यक झाले आहे.

प्रथम तांत्रिक बाजू थोडक्यात. डोमेन हे संकेतस्थळाचे नाव कोणाच्याही कायम मालकीचे नसते. ठरावीक वर्षांसाठी शुल्क भरून ते नोंदवले जाते व मुदत संपताच त्याचे नूतनीकरण करावे लागते. नूतनीकरण चुकले तर सवलतीचा काळ मिळतो, परंतु तोही उलटला की ते नाव जगातील कोणालाही घेता येते. नाव बदललेली संस्था जुने डोमेन ताब्यात ठेवून त्यावर येणाऱ्या वाचकाला नव्या पत्त्यावर पाठवू शकते. यास पुनर्निर्देशन म्हणतात. टपालखात्यात घर बदललेल्या माणसाचे पत्र जुना पत्ता खोडून, नवा लिहून पुढे धाडले जाते, त्याच जातीची ही क्रिया आहे. ३०१ हा संकेतांक 'कायमचे स्थलांतर' दर्शवतो, ३०२ 'तात्पुरते'. यातील खरी मेख मात्र संकेतांकात नाही. जुन्या स्थळावरील प्रत्येक पृष्ठ नव्या स्थळावरील त्याच पृष्ठाशी जोडले आहे की सर्व वाचकांना सरसकट नव्या मुखपृष्ठावर आणून सोडले आहे, यावर सारे अवलंबून असते. दुसरा प्रकार करणाऱ्यास सोपा व स्वस्त असतो. वाचकाच्या दृष्टीने त्याचा अर्थ इतकाच, की त्याने विशिष्ट लेखाच्या विशिष्ट पानाची विचारणा केली आणि त्याला ग्रंथालयाच्या दाराशी नेऊन 'आत कुठेतरी असेल' असे सांगण्यात आले.

नाव बदलले तरी माग तुटू नये, यासाठीची व्यवस्था संगणकाच्या फार आधी ग्रंथपालांनी निर्माण केली होती. तालिकेतील 'पहा' हे पत्र म्हणजे कागदावरचे पुनर्निर्देशनच होय. बाळूताई खरे, मालतीबाई बेडेकर आणि विभावरी शिरूरकर ही तीन नावे एकाच लेखिकेची. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध झाले तेव्हा टोपणनावामागील व्यक्ती कोण, हा महाराष्ट्रभर कुतूहलाचा आणि संतापाचाही विषय झाला होता. आज कोणत्याही चांगल्या ग्रंथालयात या तीनपैकी एका नावाने शोध घेणारा वाचक उरलेल्या दोन नावांपर्यंत पोहोचतो, कारण कोणीतरी ती पत्रे लिहून खणात लावलेली आहेत. कुलाबा जिल्ह्याचे नाव १९८१ मध्ये रायगड झाले. म्हणून १८८३ च्या कुलाबा गॅझेटिअरचा संदर्भ देताना कोणी 'रायगड गॅझेटिअर' असे लिहीत नाही, आणि लिहिल्यास ती चूक ठरते.

'पहा' या पत्राचे एक वैशिष्ट्य येथे ध्यानात घेतले पाहिजे. ते पत्र वाचकाला दोन्ही नावे दाखवते. आपण एका नावाने आलो आणि दुसऱ्या नावाकडे जात आहोत, याची जाणीव वाचकाला राहते. संगणकावरील पुनर्निर्देशन मात्र निःशब्द असते. जुना पत्ता टंकित करावा, डोळ्याची पापणी लवण्याच्या आत नवा पत्ता समोर यावा, आणि मधे काही घडले याची खूणही उरू नये, हेच त्याचे कौशल्य मानले जाते. व्यापारी दृष्टीने हे योग्यच आहे. संशोधकाच्या दृष्टीने मात्र नामांतर ही एक ऐतिहासिक घटना आहे आणि ती त्याच्या नजरेआड घडू देणे परवडणारे नाही. पुनर्निर्देशनाची मागणी करतानाच त्याच्या या मौनावर अविश्वास ठेवावा लागतो.

व्यापारी व्यवहाराने या क्षेत्रात आणखी एक मापदंड रूढ केला आहे आणि अधिक हानी त्याने होते. संकेतस्थळ हलवणाऱ्यांसाठी गूगलने दिलेल्या मार्गदर्शनात पुनर्निर्देशन शक्य तितका दीर्घकाळ, सर्वसाधारणपणे किमान एक वर्ष, ठेवावे असे म्हटले आहे. 'शक्य तितका दीर्घकाळ' हे शब्द विसरले जातात आणि 'एक वर्ष' तेवढे लक्षात राहते. या एका वर्षामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. शोधयंत्र जुन्या पत्त्यावर पुन्हा पुन्हा येते, तेथून नव्या पत्त्याकडे जाते, जुन्या स्थळाची पत नव्या स्थळाच्या खात्यावर जमा करते आणि हळूहळू आपल्या सूचीत बदल करते. वर्षभरात यंत्र नवा पत्ता शिकते. मग संस्थेच्या दृष्टीने जुने डोमेन हा निव्वळ खर्च उरतो. परंतु २०११ मध्ये मान्य होऊन बांधणी झालेला आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयात उभा असलेला प्रबंध नवा पत्ता कधीच शिकत नाही. त्याच्या ३१२ व्या पृष्ठावर जे छापले आहे, ते तसेच राहणार. त्याला वर्षाची मुदत देणे म्हणजे शिळालेखाला उत्तर देण्यासाठी आठ दिवसांची नोटीस देण्यासारखे आहे. यंत्रासाठी ठरलेली मुदत मुद्रित संदर्भाला लावणे हाच या सर्व प्रश्नाचा गाभा आहे. ज्या संस्थांचे साहित्य छापील ग्रंथांतून उद्धृत होते, त्यांच्यापुरती तरी ही मुदत अमान्य केली पाहिजे.

असे साहित्य प्रसिद्ध करणाऱ्या भारतीय संस्थांची नावेही स्थिर राहिलेली नाहीत. वैज्ञानिक प्रलेखनासाठी १९५२ मध्ये स्थापन झालेले 'इन्सडॉक' २००२ मध्ये 'निस्कॉम'शी एकत्र होऊन 'निस्केअर' झाले. तेही २०२१ मध्ये 'निस्टॅड्स'सह 'एनआयएससीपीआर' या नव्या संस्थेत विलीन झाले. या संस्थेच्या नियतकालिकांचे 'नोपर' नावाचे ग्रंथागार महाजालावर आहे आणि त्याच्या पत्त्यात संस्थेचे संक्षिप्त नाव गुंफलेले असल्याने संस्थेबरोबर पत्ताही बदलला. २०२१ पूर्वीच्या असंख्य तळटीपांत 'निस्केअर' हा शब्द पत्त्याचा भाग म्हणून छापलेला आहे. त्या तळटीपा चुकीच्या नाहीत. त्या लिहिल्या तेव्हा बरोबर होत्या, आणि त्यांचे बरोबर असणे टिकवण्याची जबाबदारी तळटीप लिहिणाऱ्याच्या हातात आता राहिलेली नाही.

यावरचा विचारपूर्वक उपाय असा, की दस्तऐवजाला संस्थेच्या नावाशी संबंध नसलेला एक क्रमांक द्यावा आणि संदर्भात तोच वापरावा. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटने चालवलेल्या 'शोधगंगा'तील प्रबंधांच्या पत्त्यांत १०६०३ हा आकडा दिसतो. तो 'हँडल' या जागतिक व्यवस्थेत नोंदलेला उपसर्ग आहे. उद्या शोधगंगेचे नाव बदलले, संगणक बदलला, तरी तो उपसर्ग आणि त्यापुढील क्रमांक यांवरून प्रबंध सापडावा अशी ही योजना. नियतकालिकांतील लेखांना दिला जाणारा डीओआय याच कुळातला. येथे एक लहानशी परंतु बोलकी गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. कितीतरी ग्रंथागारांच्या पत्त्यांत, 'नोपर'च्याही, १२३४५६७८९ हा आकडा आढळतो. पुष्कळ विद्यार्थी तोही शोधगंगेच्या आकड्यासारखाच कायम क्रमांक समजून टिपून ठेवतात. प्रत्यक्षात 'डीस्पेस' या संगणकप्रणालीत स्वतंत्र उपसर्ग नोंदवला नसेल तर आपोआप येणारा तो केवळ जागा धरून ठेवणारा आकडा आहे. तो शेकडो ठिकाणी सारखाच असल्याने त्यावरून काहीच शोधता येत नाही. अशा पत्त्याचे आयुष्य पुन्हा डोमेनवर, म्हणजे संस्थेच्या नावावर आणि तिच्या शुल्कभरणीवर अवलंबून राहते.

नामांतर आणि पुनर्निर्देशन यांचे अलीकडचे सर्वांत ठळक उदाहरण ट्विटरचे आहे. मराठी अभ्यासकांचा त्याच्याशी संबंध दूरचा नाही. २०१० नंतरच्या दशकातील मराठी लेखकांची वादचर्चा, भाषाविषयक मोहिमा, 'ट्विटरसंमेलन' ही खूण घेऊन झालेले लघुलेखन यांचा आधार घेणारे शोधनिबंध मराठीत लिहिले जात आहेत आणि पुढेही लिहिले जातील. ट्विटरचे नाव जुलै २०२३ मध्ये 'एक्स' झाले. डोमेनचे स्थलांतर मात्र लगेच झाले नाही. जवळजवळ दहा महिने नवे नाव आणि जुना पत्ता असा संसार चालला आणि १७ मे २०२४ रोजी सर्व व्यवहार एक्स डॉट कॉमवर नेल्याचे जाहीर झाले. जुने पत्ते नव्याकडे वळवले गेले आणि ते पृष्ठागणिक वळवले गेले, हे मान्य करावयास हवे. २०१५ मधील एखाद्या नोंदीचा पत्ता टंकित केला तर मुखपृष्ठ न येता तीच नोंद येत असे. त्याचे कारणही उद्बोधक आहे. या पत्त्यांत वापरकर्त्याचे नाव आणि नोंदीचा दीर्घ क्रमांक असे दोन भाग असतात, परंतु नोंद शोधली जाते ती क्रमांकावरून. मधले नाव बदलले तरी नोंद सापडते. म्हणून ज्या अभ्यासकाने पूर्ण क्रमांक नोंदवला त्याचा संदर्भ टिकला. ज्याने 'अमुक यांचे ट्विट, ट्विटर, २०१५' एवढेच लिहिले, त्याला कोणतेही पुनर्निर्देशन वाचवू शकत नाही.

याच स्थलांतरात एप्रिल २०२४ मध्ये घडलेला एक प्रसंग पाठचिकित्सेच्या वर्गात सांगण्यासारखा आहे. आयफोनवरील उपयोजनात, लोकांनी लिहिलेल्या मजकुरात 'ट्विटर डॉट कॉम' आले की त्याऐवजी 'एक्स डॉट कॉम' दिसावे, अशी सरसकट व्यवस्था करण्यात आली. ही अदलाबदल करणाऱ्याने शब्दाची सीमा पाहिली नाही. त्यामुळे रोमन लिपीत 'नेटफ्लि' या अक्षरांना 'ट्विटर डॉट कॉम' जोडून केलेले एक निराळेच नाव वाचकाला 'नेटफ्लिक्स डॉट कॉम' असे दिसू लागले. दुवा मात्र त्या निराळ्या नावाकडेच जात होता. फसवणुकीला याहून सोयीची वाट कोणती? काही सावध लोकांनी अशी नावे इतरांच्या हाती पडू नयेत म्हणून स्वतःच नोंदवून ठेवली आणि कंपनीने चूक लवकरच दुरुस्त केली, म्हणून प्रकरण थोडक्यात निभावले. हस्तलिखितांच्या अभ्यासकाला हा प्रमाद परिचयाचा वाटेल. जुने रूप अशुद्ध समजून सर्वत्र नवे रूप घालत जाणारा लेखनिक असाच शब्दाच्या मध्यावर घाव घालतो आणि मागे एक निरर्थक, परंतु नीटनेटका दिसणारा पाठ ठेवून जातो.

जुन्या नावाचे हे प्रकरण तेथेच थांबले नाही. खात्यात प्रवेशासाठी वापरल्या जाणाऱ्या सुरक्षा-किल्ल्या जुन्या डोमेनशी बांधलेल्या आहेत, त्या १० नोव्हेंबर २०२५ पर्यंत पुन्हा नोंदवाव्यात, म्हणजे ट्विटरचे डोमेन निवृत्त करता येईल, असे कंपनीने ऑक्टोबर २०२५ मध्ये कळवले. 'निवृत्त' या शब्दाची नोंद अभ्यासकांनी घेतली पाहिजे. सुमारे सतरा वर्षांचे लेखन ज्या पत्त्याने जगभर उद्धृत झाले, तो पत्ता चालू ठेवण्याचे कोणतेही बंधन कोणावर नाही. पुनर्निर्देशन ही आजवर दाखवलेली सौजन्याची वागणूक आहे आणि सौजन्य केव्हाही आवरते घेता येते.

आवरते घेतल्यावर काय होते, याची उदाहरणे न्यायालयापासून नियतकालिकापर्यंत आढळतात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ मधील एका निकालात न्यायमूर्ती सॅम्युअल अलिटो यांनी आपल्या मतपत्रात एका संकेतस्थळाचा पत्ता दिला होता. पुढे ते डोमेन सुटले, कोणा विनोदबुद्धीच्या माणसाने ते विकत घेतले आणि महाजालावरील संदर्भांच्या क्षणभंगुरतेवर टिप्पणी करणारा मजकूर तेथे लावून ठेवला. तो माणूस सज्जन होता, हे न्यायालयाचे भाग्य. अन्यत्र असे भाग्य लाभत नाही. 'द हेअरपिन' हे स्त्रियांच्या लेखनासाठी ख्याती पावलेले अमेरिकी संकेतस्थळ २०१८ मध्ये बंद पडले. त्याचे डोमेन पुढे दुसऱ्याने घेतले आणि २०२४ च्या आरंभी असे उघडकीस आले, की तेथे कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेला मजकूर भरलेला असून जुन्या काही लोकप्रिय लेखांवरील लेखिकांची नावे काढून त्या जागी पुरुषांची नावे घालण्यात आली आहेत. मराठी वाचकाला यातील विपर्यास वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. विभावरी शिरूरकर या नावामागची स्त्री शोधून काढण्यासाठी आपल्या समीक्षेने किती शाई खर्च केली! येथे पत्ता तोच, लेखही तोच, आणि लेखिका मात्र नाहीशी. २०१६ मध्ये हा लेख योग्य रीतीने उद्धृत करणाऱ्या अभ्यासकाची तळटीप यामुळे खोटी ठरते. मृत पत्ता निदान आपण मृत असल्याचे सांगतो. परहस्ते गेलेला पत्ता खोटी साक्ष देतो.

आपल्याकडे हा धोका अधिक व्यावहारिक रूपात जाणवतो. प्राध्यापकांच्या पदोन्नतीसाठी शोधनिबंधांची गणती सुरू झाली तेव्हापासून नामवंत नियतकालिकांच्या नक्कल-आवृत्त्या महाजालावर उगवल्या. नाव तेच, आयएसएसएन तोच, पत्ता फक्त किंचित निराळा, आणि शुल्क भरणाऱ्याचा निबंध आठवड्यात प्रसिद्ध. विद्यापीठ अनुदान आयोगाची 'केअर' यादी अस्तित्वात होती तेव्हा तिच्यातही अशा नकलांविषयी सावध करावे लागत असे. ती यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाल्याने अस्सल आणि नक्कल ओळखण्याचा भार आता ज्याच्या त्याच्यावर आला आहे. अशा वेळी एखादे नियतकालिक नाव बदलून नव्या डोमेनवर जाते आणि जुने डोमेन सोडून देते, तेव्हा ते आपले जुने घर कुलूप न लावता, पाटीसह सोडून जाते. तेथे येऊन राहणाऱ्याला खोटी पाटी रंगवण्याचेही कष्ट पडत नाहीत.

महाविद्यालयांच्या पातळीवर या निष्काळजीपणाचे कारण फारसे गूढ नाही. संकेतस्थळ गावातील एखाद्या तरुण व्यावसायिकाकडून करून घेतलेले असते, डोमेन त्याच्याच नावाने आणि त्याच्याच ईमेलवर नोंदलेले असते, आणि तो व्यवसाय सोडून दुसऱ्या शहरी गेला की नूतनीकरणाच्या सूचना कोणालाच मिळत नाहीत. मूल्यांकनाची समिती येण्याच्या सुमारास नवे, अधिक आकर्षक संकेतस्थळ नव्या नावाने उभे राहते. जुन्या स्थळावरील विभागाच्या चर्चासत्रांची टिपणे, स्थानिक बोलीचे संकलन, निवृत्त प्राध्यापकांची व्याख्याने यांचा उल्लेखही कोणाला आठवत नाही. जुनी टिपणे बहुधा युनिकोडपूर्व टंकांत असतात. ती नव्या स्थळावर नेली तरी अक्षरांच्या जागी रोमन चिन्हांची गर्दी दिसते आणि 'हे वाचता येत नाही' म्हणून ती पुसली जातात. पुनर्निर्देशन जेथे पोहोचवते तेथे मजकूर वाचण्याजोगा असला पाहिजे, ही अट मराठीपुरती स्वतंत्रपणे सांगावी लागते.

या भूमिकेवर एक गंभीर आक्षेप संभवतो आणि महाराष्ट्रात तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. नामांतर ही आपल्याकडे केवळ जाहिरातीची बाब नाही. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव १९७८ मध्ये झाला आणि नामविस्तार १९९४ मध्ये प्रत्यक्षात आला. मधल्या सोळा वर्षांत माणसांनी त्यासाठी घरेदारे आणि प्राण गमावले. एवढ्या मोलाने मिळालेल्या नावाशेजारी जुने नाव पत्त्याच्या रूपाने जिवंत ठेवणे हा नव्या नावाचा अधिक्षेप नव्हे काय? प्रश्न रास्त आहे. परंतु 'जुने नाव चालू ठेवणे' आणि 'जुन्या नावाने आलेल्यास नव्या नावापर्यंत आणणे' या दोन क्रियांत अंतर आहे. पुनर्निर्देशनात जुने नाव नव्याच्या सेवेला लागते. १९८५ चा प्रबंध उद्धृत करताना आपण 'मराठवाडा विद्यापीठ' असेच लिहितो, कारण त्याच्या मुखपृष्ठावर तसे छापलेले आहे, आणि त्यात कोणाचा अनादर आहे असे आजवर कोणास वाटलेले नाही. पुणे विद्यापीठाने वेगळी वाट धरली. २०१४ मध्ये ते सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झाले तरी त्यानंतर अनेक वर्षे 'युनिपुणे' हाच पत्ता वापरात राहिला. ही वाट संदर्भांच्या दृष्टीने सर्वांत सुरक्षित खरी, परंतु सावित्रीबाईंचे नाव पत्त्यात असावे असे वाटणाऱ्यांची भावनाही समजण्यासारखी आहे. ज्यांना नवे नाव पत्त्यातही हवे, त्यांनीच जुना पत्ता सोडू नये, असा याचा तर्कशुद्ध अर्थ होतो. सोडलेला पत्ता उद्या कोण घेईल आणि त्या नावाखाली काय लिहील, हे 'हेअरपिन'ने दाखवलेच आहे.

जुने नाव पुरते पुसले गेल्याचे उदाहरणही इतिहासात आहे. युगोस्लाव्हिया हे राष्ट्रच उरले नाही, तेव्हा त्याचे 'वाययू' हे राष्ट्रदर्शक डोमेन ३० मार्च २०१० रोजी बंद झाले. संस्थांना सर्बियाच्या 'आरएस' आणि माँटेनेग्रोच्या 'एमई' या डोमेनांवर जाण्यास अवधी दिला होता. त्यानंतर मात्र जुन्या पत्त्यांना पुनर्निर्देशनाचा आधारही उरला नाही, कारण ज्या पाटीवरून वळवायचे ती पाटीच उखडली गेली. १९९० च्या दशकातील त्या प्रदेशाच्या युद्धकालीन लेखनाचा अभ्यास करणाऱ्यास आज याची किंमत मोजावी लागते.

'इंटरनेट अर्काइव्ह आहे ना' असे उत्तर यावर दिले जाते. ब्रूस्टर काहल यांनी १९९६ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेचे 'वेबॅक मशीन' २००१ पासून सर्वांना खुले आहे आणि तिने केलेले काम अमोल आहे, यात शंका नाही. तथापि ऑक्टोबर २०२४ मधील सायबर हल्ल्यानंतर ते काही दिवस बंद होते, हे विसरता येत नाही. शिवाय एक विचित्र अडचण तिच्या इतिहासात नमूद आहे. संकेतस्थळाचा मालक यंत्रांसाठी जी प्रवेशसूचना ठेवतो, ती पाळण्याचा या संस्थेचा प्रघात होता. सुटलेले डोमेन नव्या मालकाने घेऊन तेथे मनाईची सूचना लावली, की आधीच्या मालकाच्या काळात जतन झालेली पृष्ठेही दिसेनाशी होत. २०१७ मध्ये संस्थेनेच ही अडचण जाहीरपणे मांडली. म्हणजे सोडलेल्या डोमेनची झळ संग्रहालयातील प्रतीलाही लागू शकते. 'प्यू रिसर्च सेंटर'ने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या संकेतपृष्ठांपैकी ३८ टक्के पृष्ठे दहा वर्षांनी उपलब्ध नव्हती. यात मराठी पृष्ठे किती, याची वेगळी मोजणी होणे हा खरे तर एखाद्या एम.फिल.सदृश लघुप्रकल्पाचा उत्तम विषय होईल.

विभागांनी आणि मार्गदर्शकांनी येथे काही गोष्टी स्वतःच्या अखत्यारीत करता येण्यासारख्या आहेत. पत्ता जसा पाहिला तसाच द्यावा, पाहिल्याची तारीख द्यावी, कायम क्रमांक असेल तर तो आधी द्यावा. पुनर्निर्देशन होऊन दुसऱ्याच पत्त्यावर पोहोचल्यास दोन्ही पत्ते नोंदवावेत. ग्रंथपालाचे 'पहा' पत्र आता संशोधकाने स्वतः लिहावयाचे आहे. याउलट एक अनिष्ट प्रथा मात्र वाढताना दिसते. प्रबंध सादर करण्यापूर्वीच्या अखेरच्या तपासणीत, 'ट्विटर' या शब्दाच्या जागी सर्वत्र 'एक्स' घालून घेण्यास मार्गदर्शक सांगतात. २०१७ मधील लेखन एक्सवर झालेले नाही. ते ट्विटरवर झाले, त्या माध्यमाच्या त्या वेळच्या अक्षरमर्यादेत झाले, आणि ज्या खुणेखाली झाले तिच्यात माध्यमाचे नावही गुंफलेले असू शकते. सरसकट अदलाबदलीत ती खूणही 'एक्ससंमेलन' होऊन बसते. आयफोनवरील उपयोजनाने केलेली चूक कंपनीने दुरुस्त केली. बांधणी झालेल्या प्रबंधातली दुरुस्त होणार नाही.

उरतो खर्चाचा प्रश्न. महाविद्यालयाने किंवा नियतकालिकाने जुने डोमेन राखण्यासाठी वर्षाला करावा लागणारा खर्च एखाद्या ग्रंथाच्या किमतीइतका असतो. तो व्यावसायिकाच्या नावावर न ठेवता संस्थेच्या नावावर घ्यावा, नूतनीकरणाची तारीख ग्रंथपालाच्या नोंदवहीत असावी, आणि वार्षिक अंदाजपत्रकात ग्रंथबांधणीच्या तरतुदीशेजारी त्याची स्वतंत्र नोंद करावी. यास लेखापरीक्षकाची हरकत येण्याचे कारण दिसत नाही.